उरलेली पट्टी

सुमतीबाईंनी खोक्याची सुतळी दातांनीच तोडली. कात्री स्वयंपाकघरात होती आणि तेवढं उठून जायचाही धीर त्यांना नव्हता. हैदराबादच्या सकाळच्या बसनं आलेलं खोकं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं होतं. आत एकीला एक लागून कॅसेटी बसवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर त्यांचाच फोटो होता. गळा मोकळा, मोत्यांची सर, केसांत अबोली. गुलबर्ग्याच्या रेडिओवर गायला जायच्या त्या दिवसांतला फोटो. आता पदर गळ्याभोवती घेतल्याशिवाय त्या कुणासमोर बसत नसत.

"फोटो हा कामून दिला?" त्यांनी विचारलं.

"चांगला आलाय म्हणून," नरहरराव म्हणाले. ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसले होते. भालकीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. अजून घरातसुद्धा ते इस्त्रीचा सदरा घालून बसत.

सुमतीबाईंनी फोटोखालची अक्षरं वाचली. 'सौ. सुमतीबाई यांची भक्तिगीते.'

"नाव तर 'उरलेली पट्टी' ठरलं होतं."

"त्या लोकांना ते कळंना. दवाखान्यातली पट्टी वाटायली म्हणाले."

"वाटू द्यायचं होतं की. आणि भक्तिगीतं कुठायत ह्याच्यात? एकातही देव न्हाई."

नरहररावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. भिंतीला टेकून पेटीवाले उद्धवराव बसले होते. गेली वीस वर्षं सुमतीबाईंच्या मागे पेटी त्यांचीच. एरवी अशा वेळी त्यांनी काहीतरी थट्टा केली असती. आज ते आपल्या अंगठ्याचं नख पाहत होते.

"लाव तर आधी," नरहरराव म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी सुमतीबाईंच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ लागली होती. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात ती काढली, पण काढताना आवाजाची एक शीर दुखावली. मग किरणांचा शेक. रोज सकाळी एक तरुण डॉक्टर गळ्यावर निळ्या शाईनं चौकोन आखायचा आणि म्हणायचा, "अम्मा, हिलना नहीं." घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या पाटीवर लिहून बोलल्या. आवाज परत आला तेव्हा तो त्यांचा नव्हता. जाड, खरखरीत, खालच्या सुरांत कसाबसा फिरणारा. जरा वर नेला की जुन्या लुगड्यासारखा फाटायचा. आयुष्यभर त्या पेटीच्या काळी चार पट्टीत गायल्या होत्या. आता पांढरी दोन. त्याच्या वर काही उरलं नव्हतं.

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द गायले होते. संतांचे, दासांचे, रेडिओवाले देतील ते. ते सगळं आता त्या गळ्यात मावेना. तेव्हा मावेल तेवढं त्यांनी स्वतःच रचलं. पाच-सहा सुरांत बसणारी आठ गाणी. शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. जाळीची खिडकी, निळी शाई, पाण्याचा एक घोट, शेजारच्या खाटेवरची जहिराबादची नागम्मा, जिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि जी एका सकाळी खाटेवर नव्हती.

थंडीच्या दिवसांत हैदराबादच्या एका स्टुडिओत त्यांनी ती गाणी भरली. तिसऱ्या गाण्यात आवाज चिरला. यंत्रावर बसलेला माणूस म्हणाला, पुन्हा घेऊ. त्या म्हणाल्या, राहू द्या. सगळं संपवून बाहेर आल्या तेव्हा आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांना कडकडून भूक लागली होती. रस्त्यावरच्या गाड्यावर उभं राहून त्यांनी मिरचीची भजी मागितली, आणि नरहरराव "घसा, घसा" म्हणत असताना खाल्ली.

त्यांनी कॅसेट टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं.

जराशी खरखर झाली आणि पेटीचा पहिला सूर आला. सुमतीबाईंची मान वर झाली. सूर काळी चारचा होता.

त्यांनी उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव नखच पाहत होते.

मग आवाज आला. स्वच्छ, गोल, कुठेही न अडखळता वर चढणारा. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, सुमतीबाईंना वाटलं, हा आपलाच. काहीतरी झालं, त्या यंत्रात काहीतरी असतं, आणि त्यांनी माझा आवाज मला परत दिला. त्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला. गाणं वरच्या षड्जाकडे निघालं, आणि तिथं पोहोचण्याआधी गाणारीनं एक चोरटा श्वास घेतला.

तो श्वास त्यांनी कितीदा पकडला होता. ह्याच खोलीत, ह्याच सतरंजीवर. दोन वेण्यांची, दहा वर्षांची पोर समोर बसलेली असायची आणि त्या मांडीवर चापट मारून म्हणायच्या, 'आधी घे श्वास, वर जाताना नको.' पोर मोठी झाली, लग्न होऊन बीदरला गेली, पण ती सवय गेली नव्हती.

"अन्नपूर्णा," सुमतीबाई म्हणाल्या.

टेप चालूच होता. त्यांनीच तो बंद केला.

"तुझंच गाणं आहे, सुमती," नरहरराव म्हणाले. "शब्द तुझे, चाल तुझी. गळा तेवढा तिचा."

"आणि नाव?"

"नाव तुझंच. ती काही मागंना."

"मी गायले ते कुठाय?"

नरहररावांनी उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवरावांना बोलावंच लागलं.

"टेप तीच वापरली, बाई. त्याच्यावरच पुन्हा भरलं."

"म्हणजे पुसलं."

"मला म्हणलं तसं मी केलो, बाई," उद्धवराव म्हणाले आणि चप्पल घालायला उठले. ते गेल्यावर नरहरराव खुर्चीतून उठून सतरंजीवर आले. एवढ्या जवळ येऊन ते बऱ्याच दिवसांत बसले नव्हते.

"लोकांनी तुझा आवाज होता तसाच आठवावा, एवढंच मला वाटलं," ते हळू म्हणाले. "त्या फाटक्या आवाजाची लोकांनी कीव केली असती. मला ते सोसलं नसतं." त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे सुमतीबाईंना तीस वर्षांच्या संसारामुळे कळत होतं. रागवायलाही त्यांना जागा राहिली नाही. त्यांनी कॅसेट टेपमधून काढली, खोक्यात होती तिथे बसवली आणि भात टाकायला आत गेल्या.

कॅसेट चालली. भालकीच्या बसस्टँडवर, मोंढ्याच्या बाजारात, साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत ती वाजू लागली. उदगीरहून कुणी मागवली, हुमनाबादच्या जत्रेत कुणी वाजवली. भाजीला गेल्या तर बायका हात धरून थांबवत.

"बाई, कसा आवाज परत आला बघा! देवीनंच दिला."

सुमतीबाई मान हलवत. बोलण्याची सोय नव्हती. तोंड उघडलं असतं तर तो जाड, खरखरीत आवाज बाहेर आला असता आणि समोरच्या बाईनं एकदा टपरीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं असतं. म्हणून त्या बोटानं भाजी दाखवत, हातानं 'किती' विचारत. दवाखान्यातून आल्यावर पाटीवर लिहायच्या तशाच झाल्या होत्या. फरक एवढाच, की तेव्हा आवाज यायचा होता.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी नरहररावांना सांगितलं, "बीदरला जाऊन येते."

"मी येऊ?"

"नको."

अन्नपूर्णेचं घर चौबाऱ्याच्या बुरुजामागे, तांबड्या दगडाच्या गल्लीत होतं. तिचा नवरा बांधकाम खात्यात कारकून होता, तो कचेरीत गेला होता. दार उघडताच अन्नपूर्णेनं वाकून पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

"ऊठ," सुमतीबाई म्हणाल्या.

तिनं चहा केला. कप समोर ठेवला. बशीत सांडलेला चहा पदरानं पुसला, पुन्हा पुसला.

"सर आलते इथं," ती म्हणाली. "म्हणाले, बाईंचीच इच्छा आहे. त्यांच्या तोंडातून निघंना म्हणून मी आलो. तुमचा निरोपच आहे म्हणले."

"आणि तू मला विचारलं न्हाईस."

छतावरून हवाई दलाचं एक विमान गेलं. ते लांब जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"न्हाई विचारले," ती म्हणाली. "विचारले असते तर तुम्ही नको म्हणला असता. मला गायचं होतं, बाई. असली गाणी आम्हाला कोण देतंय?"

सुमतीबाईंनी कप उचलला. चहा गार झाला होता तरी त्यांनी तो प्याला.

"हे एक खरं बोललीस."

अन्नपूर्णेला रडू आलं. रडून झाल्यावर तिला जरा मोकळं वाटलं असावं. ती पूर्वीसारखी, शिकवणीला यायची तशी मांडी घालून समोर बसली.

"एक बोलू का, बाई? रागावू नका. ती सातव्या गाण्यातली ओळ तुम्ही बदललाव ते मला पटलं न्हाई. आधीचीच चांगली होती."

"कुठली ओळ?"

"ती, दाराशी उभा."

"मी कुठं बदलले?"

अन्नपूर्णेचा चेहरा बदलत गेला. "तुम्ही ऐकलंच न्हाई का सगळं?"

"पहिलंच ऐकले. तेही अर्धं. बाहेर कुठं वाजायलं की मी पुढं निघून जाते. म्हणून दाखव."

"राहू द्या की, बाई."

"म्हण, अन्नपूर्णा."

तिनं जमिनीकडे पाहत, अगदी हळू म्हटलं,

*खाटेपाशी सांडला उन्हाचा कवडसा*
*त्याला मी पाणी मागितलं बाई*
*देवराया माझा दाराशी उभा*
*आत आला, बसला बाई*

सुमतीबाईंनी रचलं होतं ते असं नव्हतं. पहिल्या दोन ओळी त्याच. पुढे होतं,

*घरधनी माझा दाराशी उभा*
*आत काही आला नाही*

"दिवाळीत तुमच्याकडं आलते तेव्हा ऐकलते मी," अन्नपूर्णा म्हणाली. "तेच डोक्यात बसलतं. स्टुडिओत मी सवयीनं 'घरधनी'च म्हणले. सर काचेच्या पलीकडं बसलते. त्यांनी बोटानं काच वाजवली. पुन्हा म्हणले, पुन्हा तेच आलं तोंडात. पुन्हा काच वाजली. मला वाटलं, तुम्हीच सांगितलाव."

सुमतीबाई उठल्या. दारात अन्नपूर्णेनं त्यांना कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. त्यांनी तो घेतला. शिष्येला 'येते' म्हणायचं त्या विसरल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांना दवाखान्याचं दार दिसत राहिलं. बायकांचा वॉर्ड होता, तरी संध्याकाळी भेटायच्या वेळी सगळ्यांचे नवरे, भाऊ आत येऊन स्टुलांवर बसायचे. नागम्माचा नवरा तर तिच्या पायांना तेल चोळत बसायचा. नरहररावही शाळेतून रजा काढून हैदराबादेतच राहिले होते, रोज यायचे. एक दिवस चुकले नाहीत. औषधं त्यांनीच आणली, रक्तासाठी दारोदार तेच फिरले. पण वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन ते थांबत. डबा आयाच्या हाती देत आणि तिथूनच जात. खाटेवरून सुमतीबाईंना त्यांच्या धोतराची कड आणि छत्रीचं टोक दिसायचं. गळा उघडा होता, नळी लावलेली होती. माणसाला ते बघवत नाही, हे त्यांना समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच गाण्यात लिहिलं होतं. त्या ओळीत तक्रार नव्हती. नागम्मा होती, ऊन होतं, तसा दारात तो होता.

आणि आता आणखी एक आठवलं. हे गाणं घरी पहिल्यांदा पुरं म्हटलं तेव्हा नरहरराव मधेच उठून नळ बंद आहे का बघायला गेले होते. परत येऊन म्हणाले होते, "हे सगळं बाहेर सांगायचं का?" त्यांनी हसून उत्तर दिलं होतं, "सांगायचं न्हाई, गायचंय."

ती एक ओळ बदला असं त्यांना कुणी कितीही सांगितलं असतं तरी त्यांनी बदलली नसती, हे नरहररावांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून ओळ बदलायला त्यांनी गळाच बदलला. फाटक्या आवाजाची कीव, भरून आलेले डोळे, सगळं खरं असेल. पण ते नंतरचं.

घरी पोहोचल्या तेव्हा नरहरराव अंगणात पेपर वाचत होते. सुमतीबाईंनी पिशवी खाली ठेवली. नारळ अजून हातातच होता.

"ती ओळ तुम्ही बदलली," त्या म्हणाल्या.

नरहररावांनी पेपरची घडी घातली. एकदा घातली, पुन्हा उलगडून नीट घातली.

"ती खरी न्हवती."

"न्हवती?"

"मी रोज येत होतो, सुमती. पाऊस असो, काही असो. दारापर्यंत रोज येत होतो."

"तेच तर लिहिलंय."

एकदम नरहररावांचा आवाज चढला. "ह्या तालुक्यातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. त्यांनी टपरीत बसून हे ऐकायचं? सरांची बायको मरायला टेकली होती आणि सर दारात उभे होते? तू बरी कुणामुळं झालीस? सांग. रक्त कुणी आणलं?"

"तुम्ही."

"मग?"

"मग काही न्हाई," सुमतीबाई म्हणाल्या. "ते मी नाकारलं कधी? पण मी गायलेलं तुम्ही पुसलं."

नरहरराव पेपर घेऊन आत गेले. त्या दिवसानंतर दोघं बोलत होते ते भाजीचं, दुधाचं, पोस्टाचं. बाहेरून येणाऱ्याला घरात काही वेगळं दिसलं नसतं.

दसऱ्याच्या आधी दुबलगुंडीहून बोलावणं आलं. तिथले हणमंतराव नावाचे मोठे शेतकरी महादेवाच्या देवळात दरवर्षी भजनाचा सोहळा करत. ते स्वतः येऊन बसले. म्हणाले, "बाई, आमच्या गावातल्या समद्या बायकांला तुमची गाणी पाठ झालीत. एकदा पाय लावा."

"डॉक्टरांनी जाहीर गायला मनाई केलीय त्यांना," नरहररावांनी लगेच सांगितलं. ते आता सगळ्यांना असंच सांगत.

"गाऊ नका. नुसतं या. बसा. आमच्या बायका म्हणतील."

नरहररावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, ती नकोच म्हणेल.

"जाऊ," सुमतीबाई म्हणाल्या.

हल्लीखेडला बस बदलून दोघं दुपारी दुबलगुंडीत पोहोचले. देवळापुढच्या मंडपात एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका अशी दाटी झाली होती. सुमतीबाईंना बायकांत पुढे पाटावर बसवलं. नरहररावांना समोर खुर्ची दिली. हणमंतराव बोलायला उभे राहिले.

"बाईंला देवानं जगवलं, पर देव काय सोता येत न्हाई. माणसाच्या रूपानं येतो. हे आपले हेडमास्तर सर. दवाखान्यात रातंदिस खाटंपाशी बसून होते. उठले न्हाईत. त्या गाण्यातला देव म्हंजे हेच, असं मी म्हणतो."

टाळ्या पडल्या. हणमंतरावांनी शाल उलगडून नरहररावांच्या खांद्यावर घातली. सुमतीबाई बघत होत्या. आता ते काहीतरी म्हणतील, असं त्यांना वाटलं. निदान हात हलवून 'छे, छे' तरी करतील. नरहररावांनी हात जोडले. खांद्यावरून घसरणारी शाल त्यांनी नीट केली आणि ते खुर्चीत बसले.

बायकांनी टाळ घेतले. पुढारपण सोजराबाईंकडे होतं. काळ्या, उंच, साठी ओलांडलेल्या, शेतात राबून हात लाकडासारखे झालेल्या. त्यांनी सातवंच गाणं धरलं. बायका ते त्यांच्या पद्धतीनं म्हणत होत्या, ओवीसारखं, खालच्या सुरात, घोळवून. कॅसेटमधली वरची जागा त्यांनी सरळ सोडून दिली होती. सुमतीबाईंना ते ध्यानात आलं आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. ही पट्टी त्यांना येत होती.

*खाटेपाशी सांडला उन्हाचा कवडसा,* बायका म्हणाल्या, आणि त्यांच्यात सुमतीबाईही म्हणू लागल्या. कुणाला ऐकू जाईल असं नाही. *त्याला मी पाणी मागितलं बाई.* मग बायका म्हणाल्या, *देवराया माझा,* आणि त्या म्हणाल्या, *घरधनी माझा.*

डाव्या हाताला नागूबाई नावाची एक तरुण बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिनं चमकून पाहिलं. ओळ फिरून आली तेव्हा ती गायलीच नाही, सुमतीबाईंच्या तोंडाकडे कान लावून राहिली. मग तिनं पुढे वाकून सोजराबाईंच्या पाठीला हात लावला. टाळ थांबले.

"बाई काहीतर येगळंच म्हणायल्यात," नागूबाई म्हणाली.

सोजराबाई वळल्या. "काय म्हणलाव, बाई? मोठ्यानं म्हणा."

सुमतीबाईंनी म्हटलं. तो आवाज मंडपात पहिल्यांदा मोठ्यानं निघाला. जाड, खरखरीत, 'आत काही आला नाही' म्हणताना मधेच चिरलेला. बायकांच्या चेहऱ्यांवर आधी गोंधळ दिसला. हा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता.

"टेपात तर देव आत येतो," सोजराबाई म्हणाल्या.

"टेपात मी न्हाई."

"आन् ह्ये?"

"ह्ये माझं आहे."

सोजराबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. शालीकडे पाहिलं. मग त्यांनी टाळ मांडीवर ठेवले.

"माझी कमळी गेली तवा," त्या म्हणाल्या, कुणाला म्हणून नव्हे, "तिचा बाप भाईरच्या बाजंवर बसून बिड्या वडायलता. माणूस वाईट न्हवता. पर आत न्हाई आला."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्यात बी त्येच." आणखी कुणी काहीतरी म्हणालं, ते ऐकू आलं नाही. सोजराबाईंनी टाळ उचलले आणि ओळ धरली. ह्या वेळी बायकांनी 'घरधनी' म्हटलं. पहिल्यांदा निम्म्याजणींनी, पुढच्या फेरीला सगळ्यांनी. एकीचा सूर दुसरीत मिसळत गेला. कुणी डोळे पुसत होतं, एक म्हातारी मांडीवर हात आपटत होती. पुरुषांच्या बाजूची कुजबूज थांबली. हणमंतराव एकदा बायकांकडे, एकदा सरांकडे पाहत उभे होते. नरहरराव ताठ बसले होते, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे तसे, समोर कुठेच न पाहता.

सुमतीबाई गायच्या थांबल्या. त्यांच्यावाचून गाणं चालू होतं. कितीतरी वेळ चालू राहिलं. संपल्यावर बायका त्यांच्याभोवती जमल्या, हात धरून आपापलं सांगू लागल्या, कुणाची सासू, कुणाचं लेकरू, कुणाचं बाळंतपण. त्या ऐकत राहिल्या. त्यांचं स्वतःचं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. शाल नरहररावांनी घडी करून पिशवीत घातली होती. दोन्ही अंगांना उसाचे फड जात होते, कुठे तोड चालू होती. हल्लीखेड मागे पडलं. मग नरहरराव खिडकीबाहेर पाहतच म्हणाले,

"आता तरी बरं वाटलं का तुला?"

तो प्रश्न विचारायची त्यांची तऱ्हा जुनीच होती. ताप उतरला का, दुखणं कमी झालं का, असं विचारायचे तशी.

सुमतीबाईंनी विचार केला. खरोखरच विचार केला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

नरहररावांनी मान हलवली. बस खड्ड्यांतून जात होती. बऱ्याच वेळानं त्यांनी पायाशी ठेवलेला थर्मास वर घेतला, झाकणात पाणी ओतलं आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढे केलं. सुमतीबाईंचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी झाकण घेतलं, खिडकीकडे तोंड करून एक घोट घेतला. पाणी कोमट होतं, त्यांना लागतं तेवढंच.